शनिवारची रात्र आणि गावाचे आकाश

(शिक्षक, शासकीय कर्मचारी आणि ग्रामपंचायत सदस्य यांच्या एका तालुका मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आज सकाळपासून आपण पाणीपुरवठा, शाळांची पटसंख्या आणि घरपट्टीची वसुली यांवर बोलत आहोत. हे सारे जमिनीवरचे विषय. शेवटच्या सत्रात संयोजकांनी मला आकाशावर बोलावयास सांगितले आहे. ज्यासाठी अनुदान मागावे लागत नाही, अंदाजपत्रक करावे लागत नाही आणि मंजुरीची वाट पाहावी लागत नाही, असा आजचा हा बहुधा एकमेव विषय असावा. तरीही तो आपल्या कामकाजाच्या कक्षेबाहेरचा नाही, हे भाषणाच्या अखेरीस आपल्या ध्यानात येईल अशी आशा आहे.

आरंभी एक आठवण सांगतो. १६ फेब्रुवारी १९८०. तो शनिवार होता. त्या दिवशी दुपारी खग्रास सूर्यग्रहण झाले. खग्रासाचा पट्टा कारवार, हुबळीवरून गेला आणि आमच्या दक्षिण महाराष्ट्रातील खेड्यात सूर्याचा फार मोठा भाग झाकला गेला. मी तेव्हा शाळकरी मुलगा होतो. घराची दारेखिडक्या बंद करून आम्हां भावंडांना माजघरात बसविण्यात आले होते. बाहेर डोकावायचे नाही, अशी सक्त ताकीद होती. मी शेणाने सारवलेल्या जमिनीवर पडून राहिलो. कौलांच्या फटीतून रोजच्याप्रमाणे दोनचार कवडसे जमिनीवर उतरले होते. पाहतो तो काय, एरवी रुपयासारखे गोल असणारे ते कवडसे एका बाजूने कुरतडल्यासारखे झाले होते! होता होता त्यांच्या चंद्रकोरी झाल्या. ज्या ग्रहणापासून मला दूर ठेवले होते ते कौलाच्या फटीतून आपण होऊन माझ्यापुढे आले. बारीक छिद्रातून पडणारा कवडसा म्हणजे सूर्याची प्रतिमाच असते, हे मला पुढे वरच्या वर्गात कळले. परंतु त्या दुपारी जे कुतूहल जागे झाले ते अद्याप निमालेले नाही. आकाश पाहण्यास फार साधने लागत नाहीत, हा माझा पहिला धडा मी असा घरात कोंडलेला असताना शिकलो.

छंदास आरंभ कसा करावा

२९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य शासनाच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला आहे. पुष्कळ ठिकाणी शनिवारची शाळा सकाळची असते. तेव्हा शनिवारची रात्र जागविण्यास हरकत नसावी. आकाशदर्शन म्हटले की मोठी दुर्बीण हवी, अशी पुष्कळांची समजूत असते. ती बाजूस ठेवावी. पहिले वर्षभर आपले दोन डोळे पुरेत.

लागते ते एवढेच: एक सतरंजी, थंडीच्या दिवसांत कांबळे, एक नकाशा आणि एक विजेरी. विजेरीच्या काचेवर पतंगाचा लाल कागद दुहेरी करून रबराने बांधावा. उजेडातून अंधारात आल्यावर डोळे अंधाराला पुरते सरावण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात आणि पांढऱ्या प्रकाशाचा एक झोत ती सारी कमाई क्षणात घालवितो. मंद तांबडा प्रकाश तितका बाधत नाही. हल्ली मोबाईलवरही आकाशाचे नकाशे मिळतात. ते उपयुक्त आहेत, परंतु त्या पडद्याचा उजेडही डोळ्यांना तसाच घातक ठरतो. म्हणून नकाशा घरी पाहून घ्यावा आणि बाहेर आकाश पाहावे. कागदी नकाशात पूर्व-पश्चिम उलट छापलेली पाहून नवखा माणूस गोंधळतो. तो नकाशा टेबलावर ठेवून वाचावयाचा नसून डोक्यावर धरून पाहावयाचा असतो, एवढे लक्षात ठेवले की दिशा जुळतात.

जागा निवडताना गच्ची किंवा मोकळे माळरान पाहावे. रानात बसावयाचे झाल्यास दिवसाउजेडी जागा पाहून ठेवावी, शेतमालकास विचारावे, पायांत बूट असावेत. मुले बरोबर असतील तर पालकांना आधी कळवावे आणि परतीची वेळ ठरवून द्यावी.

शनिवारांचा क्रम चंद्रावरून लावावा. अमावास्येजवळचा शनिवार ताऱ्यांचा. शुक्ल अष्टमीजवळचा शनिवार चंद्राचा. पौर्णिमेजवळचा शनिवार पंचांग पडताळून पाहण्याचा; तो कसा, ते पुढे सांगतो. कृष्ण अष्टमीजवळच्या शनिवारी चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो, म्हणून पूर्वरात्र पुन्हा ताऱ्यांची.

मृग लागतो तेव्हा कोठे असतो?

शेतकऱ्यांच्या सभेत मी नेहमी एक प्रश्न विचारतो. जूनच्या सात-आठ तारखेस मृग लागतो, हे आपल्यापैकी प्रत्येकास ठाऊक आहे. पेरणीचा सारा हिशोब आपण त्यावर करतो. मग त्या रात्री मृग नक्षत्र आकाशात दाखवा पाहू! बहुतेकजण पावसाळी आकाशाकडे बोट दाखवितात. वस्तुतः मृग लागला याचा अर्थ सूर्य त्या नक्षत्रात आला. म्हणजे त्या दिवसांत मृग सूर्याबरोबर उगवतो आणि सूर्याबरोबरच मावळतो. आकाश निरभ्र असले तरी तो रात्री दिसणार नाही.

तारे दररोज सुमारे चार मिनिटे लवकर उगवतात. महिन्याला हे अंतर दोन तासांचे होते. म्हणून सहा महिन्यांनी, डिसेंबरात, सूर्य मावळतो त्या सुमारास मृग पूर्वेस उगवतो आणि रात्रभर दिसतो. नवख्याने आरंभ येथूनच करावा. जानेवारीत रात्री आठच्या सुमारास पूर्वेकडे तोंड करून वर पाहिले की एका ओळीतील तीन तारे सहज सापडतात. मृगाच्या पोटात शिरलेला बाण तो हाच. खेड्यांतील जुनी माणसे त्याला तिकांडे म्हणतात. त्याच्या भोवतीचे चार तेजस्वी तारे म्हणजे मृगाचे चार पाय. त्यांतील तांबूस तारा काक्षी आणि निळसर पांढरा राजन्य. ताऱ्यांना रंग असतात हे आपण त्या क्षणी प्रथम पाहतो. रंगाचा संबंध उष्णतेशी आहे. लोहाराच्या भट्टीतील लोखंड आधी तांबडे आणि अधिक तापल्यावर पांढरे दिसते. त्याप्रमाणे तांबूस ताऱ्याचा पृष्ठभाग तुलनेने कमी तप्त आणि निळसर ताऱ्याचा अधिक तप्त असतो.

बाणाची रेषा खालच्या बाजूस वाढविली की ती व्याधाकडे जाते. रात्रीच्या आकाशातील सर्वांत तेजस्वी तारा तो. तीच रेषा वरच्या बाजूस नेली की तांबूस रोहिणी आणि तिच्या पलीकडे कृत्तिकांचा पुंजका लागतो. तीन ताऱ्यांच्या आधाराने एका रात्रीत एवढी ओळख झाली म्हणजे पहिला शनिवार सार्थकी लागला.

येथे शिक्षकांनी मुलांना एक गोष्ट अवश्य सांगावी. प्रकाश सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर धावतो. तरीही व्याधापासून आपल्यापर्यंत येण्यास त्याला साडेआठ वर्षांहून थोडा अधिक काळ लागतो. म्हणजे तिसरीतील मुलीच्या डोळ्यांत आज शिरलेला व्याधाचा प्रकाश तिच्या जन्माच्या सुमारास निघालेला असतो. रोहिणीचा प्रकाश सुमारे पासष्ट वर्षांपूर्वीचा. तो तिच्या आजोबांच्या वाट्याचा. नातीने आणि आजोबांनी शेजारी उभे राहून आपापला तारा पाहावा. प्रकाशवर्ष ही संज्ञा मग पाठ करावी लागत नाही.

ध्रुव आणि आपली मूठ

दुसरी ओळख उत्तरेची. एप्रिलमध्ये रात्री नऊच्या सुमारास ईशान्येकडे सप्तर्षी बरेच वर आलेले असतात. कित्येक खेड्यांत त्यांतील चौकोनाला म्हातारीची बाज आणि मागील तीन ताऱ्यांना ती पळवू पाहणारे चोर म्हणतात. बाजेच्या पुढल्या कडेचे दोन तारे, पुलह आणि क्रतू, यांना जोडणारी रेषा क्रतूच्या पुढे सुमारे पाचपट वाढविली की ध्रुव सापडतो. ध्रुव हा सर्वांत तेजस्वी तारा असावा अशी समजूत असते. प्रत्यक्षात तो मध्यम तेजाचा आहे. त्याचे महत्त्व तेजात नसून स्थानात आहे. हिवाळ्याच्या पूर्वरात्री सप्तर्षी क्षितिजाखाली असतात, तेव्हा शर्मिष्ठेच्या पाच ताऱ्यांवरून उत्तर ओळखावी.

आता हात लांब करून मूठ वळा. ती मूठ आकाशात सुमारे दहा अंश झाकते आणि करंगळी सुमारे एक अंश. क्षितिजापासून ध्रुवापर्यंत मुठीवर मूठ ठेवून मोजा. पुण्यास दोन मुठींना थोडे कमी, नागपुरास दोन मुठींहून किंचित अधिक, कोल्हापुरास पावणेदोनच्या आत भरेल. ध्रुवाची उंची म्हणजेच आपल्या गावाचे अक्षांश. भूगोलाच्या पुस्तकात जो आकडा मुले घोकतात तो त्यांना स्वतःच्या मुठीने मोजता येतो, हे पाहून त्यांना होणारा आनंद मी अनेकदा अनुभवला आहे.

सप्तर्षींच्या शेपटीची कमान पुढे वाढविली की पूर्वेकडे नारिंगी स्वाती आणि त्यापुढे शुभ्र चित्रा भेटते. मेच्या मध्यास रात्री नऊ-साडेनऊच्या सुमारास दक्षिण क्षितिज मोकळे असेल तर त्रिशंकूही दिसतो. पावसाळ्यात हा छंद बहुधा मिटून ठेवावा लागतो. आश्विनात आकाश धुऊन निघालेले असते. तेव्हा अभिजित, श्रवण आणि हंस यांचा मोठा त्रिकोण पाहावा. कार्तिक-मार्गशीर्षात रात्री आठच्या सुमारास, डोक्याच्या किंचित उत्तरेस, देवयानीतील धुरकट ठिपका शोधावा. तो ठिपका म्हणजे सुमारे पंचवीस लाख प्रकाशवर्षांवरील एक स्वतंत्र दीर्घिका आहे. नुसत्या डोळ्यांनी सामान्य माणसास दिसू शकणारी इतकी दूरची वस्तू दुसरी नाही. मात्र तिच्यासाठी खरा अंधार हवा. या अंधाराकडे मी लवकरच वळणार आहे.

घरातील पंचांग

आपल्या घरातील भिंतीवर पंचांग असते, परंतु ते आकाशाशी ताडून पाहण्याची सवय राहिलेली नाही. चंद्र दररोज सुमारे तेरा अंश पूर्वेकडे सरकतो. सत्तावीस नक्षत्रे ही त्याच्या प्रवासातील सत्तावीस मुक्कामांची ठिकाणे आहेत. आपल्या महिन्यांची नावेही त्यावरूनच पडली. कार्तिकात पूर्ण चंद्र कृत्तिकांजवळ, मार्गशीर्षात मृगशीर्षाजवळ, माघात मघांजवळ, चैत्रात चित्रेजवळ असतो. क्वचित शेजारच्या नक्षत्रात. पौर्णिमेच्या शनिवारी अंगठ्याने चंद्र झाकावा आणि शेजारचे तारे ओळखून महिन्याचे नाव पडताळून पाहावे. दिनदर्शिका छापखान्यात जन्मली नसून आकाशात जन्मली, हे त्यावरून कळते.

या शास्त्राचा आपल्याकडील इतिहास ज्यांनी चिकाटीने लिहून काढला ते शंकर बाळकृष्ण दीक्षित (१८५३–१८९८) हे रत्नागिरी जिल्ह्यातील मुरुडचे, आणि व्यवसायाने शिक्षक होते. त्यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला. शाळेची नोकरी सांभाळून केलेले ते काम आहे. ‘आम्हांला वेळ कोठे आहे’, असे म्हणताना आपण शिक्षकांनी या शिक्षकाचे स्मरण ठेवावे.

वर्षभर उघड्या डोळ्यांनी आकाश ओळखीचे झाले की मग द्विनेत्री दुर्बीण घ्यावी. तिच्यावर ७ × ५० किंवा १० × ५० असे अंक असतात. पहिला अंक ती किती पट मोठे दाखविते तो, दुसरा पुढील भिंगाचा मिलीमीटरमधील व्यास. हात भिंतीला किंवा काठीला टेकवून पाहिल्यास गुरूचे चंद्र ठिपक्यांसारखे दिसतात. १६१० च्या जानेवारीत गॅलिलिओने पाहिले ते हेच. शुक्ल अष्टमीच्या चंद्रावर उजेड आणि अंधार यांच्या सीमेवर विवरांच्या सावल्या स्पष्ट उठून दिसतात. एक इशारा मात्र कधीही विसरू नये: कोणत्याही दुर्बिणीतून सूर्याकडे पाहू नये. क्षणभराच्या मोहाने दृष्टी कायमची जाते.

मार्गदर्शनाची सोयही आपल्या राज्यात आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी अभ्यासकांना एकत्र आणीत आहे. मुंबईचे खगोल मंडळ १९८५ पासून कार्य करीत आहे. मुंबईचे नेहरू तारांगण १९७७ मध्ये सुरू झाले. डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांच्या पुढाकाराने १९८८ मध्ये पुण्यात ‘आयुका’ ही संस्था उभी राहिली आणि तेथे शाळकरी मुलांसाठीही दारे उघडी ठेवण्यात आली.

ज्या अर्जावर माझी सही होती

आता पंचायत सदस्यांसाठी काही शब्द. काही वर्षांपूर्वी मी शहरातील नातेवाइकांच्या मुलांना घेऊन गावी गेलो. देवयानीची दीर्घिका आणि आकाशगंगेचा पट्टा दाखविण्याचे वचन मी त्यांना दिले होते. शाळेच्या पटांगणावर सतरंजी अंथरली. अर्धा तास झाला, तास झाला. चाळीसपन्नास ताऱ्यांपलीकडे काही दिसेना. चौकातील नवा उंच खांब आणि त्यावरील पांढरेशुभ्र दिवे यांचा प्रकाश सगळ्या पटांगणावर आणि वर आकाशात पसरला होता. धाकट्या मुलाने विचारले, ‘‘आजोबा, इथेही आमच्यासारखेच आहे का?’’ मला उत्तर देता आले नाही. कारण त्या खांबाच्या मागणीचा अर्ज शाळेच्या वतीने गेला होता, आणि त्यावर माझीही सही होती.

दिव्याविरुद्ध बोलणे सोपे नाही. विजेसाठी आपल्या खेड्यांनी किती वर्षे वाट पाहिली हे मी जाणतो. ग्रामसभेत हा विषय मी मांडला तेव्हा विहिरीकडे जाणाऱ्या एका भगिनीने ठणकावून सांगितले, ‘‘गुरुजी, तुमच्या ताऱ्यांसाठी आम्ही अंधारात ठेचकाळायचे का?’’ तिचे म्हणणे रास्त होते. म्हणून आम्ही काही जण रात्री त्याच वाटेने चालून आलो. तेव्हा ध्यानात आले की दिवा डोळ्यांवर येत होता आणि त्या तिरिपीमुळे विहिरीच्या पायऱ्या अधिकच काळ्या दिसत होत्या. उजेड भरपूर होता. तो जेथे हवा तेथे मात्र नव्हता. अखेर पंचायतीने दिव्यांवर पत्र्याची टोपणे बसविली, त्यांची तोंडे जमिनीकडे वळविली आणि विहिरीच्या वाटेवर एक बुटका, पिवळसर प्रकाशाचा दिवा लावला. त्या भगिनीच्या पायऱ्या उजळल्या आणि पटांगणावरील आकाश पुष्कळसे परत आले. पूर्ण नव्हे, पण पुष्कळसे.

हा काही एकट्या आमच्या गावाचा प्रयोग नव्हे. नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात वाघोडा, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतील शंभराहून अधिक दिवे अशाच रीतीने बदलण्यात आले, आणि जानेवारी २०२४ मध्ये त्या क्षेत्रास अंधाऱ्या आकाशाचे उद्यान म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. असा मान मिळविणारे ते भारतातील पहिले स्थान आहे. अंधाराची गरज केवळ ताऱ्यांना नसते. निशाचर कीटक आणि पक्षी त्यावर अवलंबून असतात. किनाऱ्यावर अंड्यांतून बाहेर पडणारी समुद्रकासवांची पिल्लेही दिव्यांमुळे समुद्राची दिशा चुकतात. वर आकाशात जाणारा प्रत्येक किरण शेवटी पंचायतीच्या वीजबिलातच जमा होतो, हे तर आपणांस सांगावयास नकोच.

समारोप

मित्रहो, १९८६ च्या मार्चमध्ये आमच्या गावच्या माळावरून मी पहाटे हॅलेचा धूमकेतू पाहिला होता. कापसाच्या पेळूसारखा तो फिकट होता, पण दिसला. तो आता २०६१ मध्ये परत येईल. आपण येथे बसलेल्यांपैकी कित्येकजण तेव्हा नसू. आज आपल्या शाळेत पहिलीत असलेली मुले मात्र तेव्हा भर उमेदीत असतील. ती माळावर येऊन उभी राहतील तेव्हा त्यांना तो दिसेल की नाही, हे धूमकेतूवर अवलंबून नाही. आपण आज लावीत असलेल्या दिव्यांवर आहे.

म्हणून माझी तीन मागणी आहेत. शिक्षकांनी महिन्यातील एक शनिवार मुलांना द्यावा आणि पुढच्या ग्रहणाच्या दिवशी त्यांना कोंडून न ठेवता, पुठ्ठ्याला भोक पाडून त्यातून पडणारा कवडसा दाखवावा. अधिकारी बंधूंनी गावोगावी मुक्कामाच्या रात्री पाच मिनिटे विश्रामगृहाबाहेर येऊन वर पाहावे. आणि पंचायत सदस्यांनी पुढील दिवाखरेदीचा ठराव करताना त्यात ‘प्रकाश जमिनीकडे’ हे दोन शब्द घालावेत.

आज सभा संपल्यावर गाडीत बसण्यापूर्वी आपण क्षणभर वर पाहिलेत, तर माझे बोलणे कारणी लागले असे मी समजेन.